आधी सांगून टाका

(करंजाडे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींना मी पाहिलेले नाही. पण त्यांचे विद्यार्थी आज समोर बसले आहेत, आणि त्यांनी मला एक गोष्ट आवर्जून सांगितली. मुलगा चुकला तर गुरुजी त्याला चारचौघांत बोलत नसत. आधी गणित सुटेपर्यंत त्याच्याजवळ बसत आणि कान उपटायचा झाला तर नंतर उपटत. आजच्या विषयाला यापेक्षा चांगला आधार मला मिळाला नसता.

विषय आहे ऑनलाइन फसवणुकीचा, पण फसू नये म्हणून काय करावे याबद्दल मी बोलणार नाही. तो उपदेश बँका रोज एसएमएसने करतात, पोलीस करतात, मध्यंतरी फोन लावला की पलीकडची रिंग वाजण्याआधीही तो ऐकू येत असे. तो योग्यच आहे. पण ज्याचे पैसे गेले आहेत त्याच्या कानावर तो पडतो तेव्हा त्याला एवढेच ऐकू येते की चूक तुझी आहे. मी बँकेच्या काउंटरमागे आयुष्य काढले. पैसे गेल्यावर माणूस बँकेत येतो तेव्हा कसा येतो, हे मी फार जवळून पाहिले आहे. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. रांगेतले लोक पुढे जाऊ देतो, सगळे गेले की खाली वाकून हळू आवाजात बोलतो. आणि बोलणे संपताना जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, ‘घरी कळवू नका.’

आज मला जे सांगायचे आहे ते याच एका वाक्याभोवती आहे. फसवणुकीनंतरची सगळी सरकारी, बँकेची आणि कोर्टाची व्यवस्था तुम्ही ज्या क्षणी सांगता त्या क्षणापासून तुमच्या बाजूने चालू होते. त्याआधी गेलेला प्रत्येक तास चोराचा असतो. आणि आपल्या घरांत सांगायला उशीर होतो तो बहुतेक वेळा लाजेमुळे.

पनवेलजवळच्या या करंजाड्यात हे बोलण्याला कारण आहे. या पट्ट्यातल्या माणसांनी पैशाचे अनेक अवतार पाहिले. जमिनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोकडे गेल्या, त्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन मिळावी म्हणून लढा झाला, भूखंड आले, त्यावर इमारती उभ्या राहिल्या. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. गावठाणातले लोक एकमेकांना चार पिढ्यांपासून ओळखतात, पण शेजारच्या इमारतीत सातारा, सांगली, कोकण, उत्तर प्रदेश असे सगळीकडून आलेले भाडेकरू राहतात. त्यांना अडचणीच्या वेळी दार वाजवावे असे घर अजून सापडलेले नाही.

पैसे बुडण्याचे दुःख या भागाला नवे नाही. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला, तेव्हा इथल्या कितीतरी घरांत चूल पेटवताना हात थरथरला असेल. पण त्या वेळी ठेवीदार एकत्र येऊ शकत होते. ‘माझेही अडकलेत’ असे उघड म्हणता येत होते. शिवाय पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे कायदेशीर संरक्षण होते, आणि ती मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर फेब्रुवारी २०२० मध्येच गेली होती. ऑनलाइन फसवणुकीत माणूस एकटा असतो. स्वयंपाकघरात किंवा बाल्कनीत, हातात फोन घेऊन उभा. मोर्चाला सोबत कोणी नाही, आणि बटण आपणच दाबले हे त्याला माहीत असते. म्हणून तो गप्प बसतो.

आता तो गप्प असताना पैसा काय करतो ते पाहू.

तुमच्या खात्यातून गेलेली रक्कम सूत्रधाराच्या स्वतःच्या खात्यात जात नाही. ती जाते कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात. कॉलेजातला मुलगा, बेकार तरुण, कधी नावापुरती काढलेली एखादी कंपनी. तिथून काही मिनिटांत तिचे तुकडे होतात आणि ते पाच-दहा खात्यांत पसरतात. मग कुठे एटीएममधून रोख निघते, कुठे चेकने, तर कुठे आभासी चलनात रूपांतर होऊन पैसा देशाबाहेर जातो. पहिल्या-दुसऱ्या खात्यात असेपर्यंत तो अडवता येतो. रोख निघाली की पोलिसांना माणूस शोधावा लागतो, आणि ते काम महिनोन्‌महिन्यांचे असते.

१९३० हा क्रमांक या शर्यतीसाठी आहे. केंद्रीय गृहखात्याने ही यंत्रणा २०२१ मध्ये सुरू केली. तेव्हा क्रमांक १५५२६० होता, पुढे तो १९३० झाला. तुम्ही फोन केला की तुमचा तपशील एका सामाईक प्रणालीत भरला जातो आणि पैसे ज्या बँकेत गेले तिला लगेच सूचना जाते. रक्कम तिथे असेल तर ती बँक ती रोखून धरते, म्हणजे होल्ड करते. पुढे गेली असेल तर पुढच्या बँकेला सूचना जाते. असा तो पैशाच्या मागे मागे धावणारा निरोप आहे. संसदेत जुलै २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार या यंत्रणेने १७.८२ लाख तक्रारींमध्ये मिळून ५,४८९ कोटी रुपये वाचवले. ही रक्कम मोठी आहे. पण एकट्या २०२४ सालात देशातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी गमावले, हेही संसदेतच सांगितले गेले. चार वर्षांत वाचलेले पैसे एका वर्षात गेलेल्या पैशांच्या चौथ्या हिश्शाइतकेही नाहीत. या दरीत उशिराचा वाटा फार मोठा आहे, असे माझे काउंटरमागचे वर्षानुवर्षांचे मत आहे.

म्हणून पहिल्या तासाबद्दल सविस्तर बोलतो. संशय आला तरी पुरे, खात्री होण्याची वाट पाहू नका. समोरच्याने एखादे ॲप टाकायला लावले असेल, लग्नाची पत्रिका किंवा वाहतूक चलन म्हणून आलेली फाइल तुम्ही उघडली असेल, तर आधी त्या फोनचे इंटरनेट बंद करा. विमान मोड लावा. तो फोन बाजूला ठेवा आणि दुसऱ्याचा घ्या. शेजाऱ्याचा चालेल, वॉचमनचाही चालेल. त्यावरून १९३० लावा. लागला नाही तर परत लावा, आणि कुणाला तरी त्याच वेळी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या ठिकाणी, तक्रार भरायला बसवा. फोनवर ते विचारतील ते हाताशी ठेवा: तुमचा खाते क्रमांक, किती रुपये, किती वाजता, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा असेल तर बारा आकडी असतो, बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा ॲपच्या इतिहासात सापडतो. तक्रार घेतली की एक पोच क्रमांक मिळतो. तो कागदावर लिहा, शेजारी वेळ लिहा.

मग बँक. इथे एक सावधगिरी जीव तोडून सांगतो. बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक इंटरनेटवर शोधू नका. तिथे चोरांनीही आपले क्रमांक बँकेच्या नावाने पेरलेले असतात, आणि घाबरलेला माणूस एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडतो. कार्डाच्या मागे छापलेला किंवा पासबुकावरचा क्रमांक लावा. कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग सगळे बंद करायला सांगा. तिथलाही तक्रार क्रमांक घ्या. मोबाइलचे नेटवर्क अचानक गेले असेल तर कदाचित कुणी तुमच्या नावाने दुसरे सिम काढले असेल. मग मोबाइल कंपनीलाही कळवा. तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, हेही तपासून घ्या.

आणि काही पुसू नका. लाजेपोटी लोक पहिल्यांदा ते संभाषण डिलीट करतात, मुलगी बघेल म्हणून. तेच संभाषण पुढे पोलिसांना आणि कोर्टाला लागते. स्क्रीनशॉट काढा, क्रमांक दिसतील असे काढा. फोन फॉरमॅट करायला दुकानात नेऊ नका.

पुढचे दोन-तीन दिवसही मोजून वापरायचे असतात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढले. परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, हे त्यात ठरवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसेच नियम लागू केले. त्या परिपत्रकातला हिशेब असा की चूक बँकेची असेल तर ग्राहकाला तोशीस नाही, त्याने कधीही कळवले तरी. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अधल्यामधल्या कुणाची आहे, तर व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवले की ग्राहकावर काही बोजा नाही. सूचना मिळाली तो दिवस यात मोजत नाहीत. चार ते सात कामाचे दिवस लागले तर साध्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंत बोजा पडू शकतो. त्यापुढे बँकेचे धोरण. ग्राहकाने कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवरच.

इथे एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळून मला पुढे जाता येणार नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर? त्या परिपत्रकाप्रमाणे अशा वेळी कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक तुमची असली तरी सांगण्याचा क्षण तिथेही रेघ ओढतोच. रात्री नऊला दहा हजार गेले आणि तुम्ही सव्वानऊला बँकेला कळवले, तर साडेनऊला गेलेले दोन लाख तुमच्या माथी मारता येत नाहीत. म्हणून शाखेत लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ‘साहेबांना सांगितले होते’ याला नंतर काही किंमत उरत नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यासाठी एकच सामाईक योजना आली. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आपली चूक आहे म्हणजे आपला हक्क संपला, असे समजून कितीतरी लोक घरी बसतात. ते खरे नाही. पुण्यातल्या एका व्यावसायिकाच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाखांहून अधिक रक्कम गेली होती. त्याने फसव्या ईमेलला उत्तर दिले होते, म्हणजे चूक होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली असे दावे ऐकण्याचा अधिकार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांना आहे. तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी २०१३ मध्ये निकाल देताना ग्राहकाची चूक मोजली, पण चोरांची खाती नीट तपासणी न करता उघडली गेली हेही मोजले, आणि बँकेला ४५ लाख द्यायला लावले. हा मार्ग आजही कायद्यात आहे. आणि ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसाममधल्या एका ग्राहकाच्या बाजूचा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. ऑनलाइन घेतलेला कपडा परत करायला गेलेल्या त्या माणसाला ग्राहक सेवेच्या नावाने फोन आला, ॲप टाकायला लावले आणि ९४ हजारांवर रुपये गेले. बँकेचे म्हणणे होते, निष्काळजीपणा त्याचा. न्यायालयाने बँकेला जबाबदार धरले. त्याने चोवीस तासांच्या आत तक्रार केली होती.

पोलिसांकडे जायला आपल्याकडे माणूस कचरतो. पण १९३० वरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. रक्कम होल्ड झाली तरी ती आपोआप खात्यात परत येत नाही. मोठ्या रकमेसाठी सहसा कोर्टाचा आदेश लागतो. म्हणून गुन्हा नोंदवून घ्या. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा नवी मुंबई पोलिसांच्या सायबर ठाण्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने कोणत्याही ठाण्याला हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. नाकारलीच तर टपालाने वरिष्ठांकडे पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. मग पोच क्रमांक, एफआयआरची प्रत, बँकेचे स्टेटमेंट आणि होल्ड झाल्याचे बँकेचे पत्र जोडून रक्कम परत मिळण्यासाठी कोर्टात अर्ज. लोकअदालतीतही असे अर्ज निकाली निघतात. याला वेळ लागतो, चपला झिजतात. पण पहिल्या तासात होल्ड झाले नसेल तर या सगळ्या अर्जांना मागायला काही उरत नाही.

‘डिजिटल अरेस्ट’बद्दल थोडे वेगळे बोलायला हवे, कारण तिथे फसवणूक चालू असतानाच सांगायचे असते. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, तुमच्या आधारवर पार्सल सापडले म्हणतो, कुणाला सांगू नका म्हणतो. सगळी भिंत त्या ‘कुणाला सांगू नका’वर उभी असते. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना, सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी करून, सात कोटींना फसवले गेले. पद्मभूषण मिळालेले, आयुष्यभर व्यवहार केलेले ते गृहस्थ. त्यांनी तक्रार केली आणि पोलिसांना सव्वापाच कोटी परत मिळवता आले. फसतो तो अडाणी, असे घरात म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे. दार उघडून समोरच्या घरात जाऊन ‘जरा हे बघा’ म्हटले, की तो खेळ तिथेच संपतो.

पैसे गेल्यावर काही आठवड्यांनी आणखी एक फोन येतो. तुमची रक्कम होल्डवर आहे, प्रक्रिया शुल्क भरा, लगेच सोडवून देतो. कधी रिझर्व्ह बँकेच्या नावाचे पत्र, कधी सायबर अधिकाऱ्याचे ओळखपत्र. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, आणि आशा लागलेल्या माणसाला पुन्हा लुटणे सोपे असते. पोलीस, कोर्ट, लोकपाल कुणीही पैसे परत देण्यासाठी यूपीआयवर पैसे मागत नाही.

इथल्या दुकानदारांसाठीही एक शब्द. वडापावच्या गाडीवर कुणी चाळीस रुपये स्कॅन करून जातो आणि महिन्याने खाते गोठते, कारण ते चाळीस रुपये कुठल्यातरी चोरीच्या साखळीतून आलेले असतात. अशा वेळी बँकेकडून तक्रार क्रमांक आणि कोणत्या ठाण्याने कळवले ते लेखी मागा, बिल किंवा विक्रीचा हिशेब घेऊन त्या ठाण्याला पत्र लिहा, आणि फक्त वादातली रक्कम रोखून बाकी खाते मोकळे करण्याची मागणी करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हाच मार्ग दाखवला आहे. आणि तरुणांनो, महिन्याला पाच-दहा हजार देतो, खाते आणि एटीएम कार्ड दे, असे कुणी म्हटले तर हात जोडून नाही म्हणा. पोलीस आधी त्या खात्याच्या नावाने येतात. विमानतळावर नोकरी शोधणाऱ्या मुलाला असा गुन्हा आयुष्यभर नडेल.

आता घराबद्दल. ज्याचे पैसे गेले तो कुणाला सांगतो हे आपण आधीच ठरवून ठेवलेले असते, रोजच्या बोलण्यातून. शेजारणीचे दहा हजार गेले तेव्हा जेवताना आपण काय म्हणालो, ते सून ऐकत असते, सासराही ऐकत असतो. ‘एवढी शिकली आणि ओटीपी दिला?’ हे वाक्य ज्या घरात झाले, त्या घरातली पुढची फसवणूक चार दिवसांनी कळणार. बायकांच्या बाबतीत तर हे फार कठोर आहे. बचत गटातले, भिशीतले पैसे गेले की ती दागिना मोडून भरते, पण नवऱ्याला सांगत नाही. फोटोंवरून धमकावून पैसे उकळणाऱ्यांचे सगळे बळ याच भीतीत आहे. त्या तक्रारीसाठी पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येते.

म्हणून माझी करंजाड्याच्या सोसायट्यांना, ग्रामपंचायतीला, महिला मंडळांना आणि या व्याख्यानमालेच्या मंडळाला एक विनंती आहे. प्रत्येक इमारतीत दोन माणसे ठरवा. एक तरुण, एक बाई. फसलेल्या माणसाने त्यांचे दार कोणत्याही वेळी वाजवावे. त्यांनी पहिला तासभर एकही प्रश्न ‘का’ने सुरू करायचा नाही. फोन बाजूला ठेवायचा, १९३० लावायचा, पोर्टल भरायचे, सकाळी बँकेत सोबत जायचे. त्यांची नावे लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावा, पाणी येण्याच्या वेळापत्रकाच्या वर.

मी आज लगेच निघणार नाही. शाळेच्या एका खोलीत टेबल मांडले आहे. ज्यांचे तीन कामाचे दिवस अजून उलटलेले नाहीत त्यांनी आधी यावे, बाकीच्यांनी नंतर. सोबत पासबुक आणि फोन असू द्या. दार लावून घेऊ.